सुभान तडवीचं ‘मले बी’

सावद्याच्या बाहेर, रावेरकडे जाणाऱ्या रस्त्याला, केळी पिकवायची एक मोठी थंड खोली आहे. एके काळी तिच्यात छतापर्यंत क्रेट रचलेले असायचे अन् आत पाय टाकला की पिकल्या केळाचा वास थेट डोक्यात चढायचा. आता यंत्रं बागेतूनच माल बांधून नेतात, म्हणून ती रिकामी पडली. त्या रिकाम्या खोलीत, उलट्या मांडलेल्या क्रेटांवर सोळा थोराड माणसं शाळेतल्यासारखी बसली होती अन् एका सुरात म्हणत होती, "मे गुस्ता एल ते."

म्हणजे, मला चहा आवडतो. भाषा स्पॅनिश.

सोळा माणसं म्हणजे आठ जोड्या. केळीकापणीचं काम एकट्याचं नसतं. एक कापणारा, एक वाहणारा. कापणारा कोयत्यानं घड सोडवतो, वाहणारा तो खांद्यावर झेलतो अन् बांधावर नेऊन ठेवतो. पण चार वर्षांपूर्वी घड उतरवणारं यंत्र आलं. त्याला लोक घडकाढ्या म्हणायचे. सपाट बागेत तो असा चालायचा की शंभर जोड्यांचं काम दोन घडकाढे करून टाकायचे. टोळ्या मोडल्या. माणसं घरी बसली.

मग कुठून तरी बातमी आली, की दूर समुद्रात कॅनरी नावाची बेटं आहेत, तिथं डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांच्या बागा आहेत, अन् त्या पायऱ्यांवर यंत्र चढत नाही. माणसं पाहिजेत. तीन वर्षांचा करार. जोडीनंच यायचं, अन् त्याआधी थोडी भाषा शिकून परीक्षा द्यायची.

सुकदेव सपकाळेनं बातमी ऐकली त्या दिवशीच नाव दिलं. त्याचं न् सुभान तडवीचं. सुभानला विचारायचं राहून गेलं, पण त्यात नवल नव्हतं. बावीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी सांगितलं, "सुभान, आपण बेटावर चाललो."

सुभान म्हणाला, "बरं, दादा."

सुकदेव पन्नाशीचा, बुटका, तोंडाळ, पाऱ्यासारखा चंचल माणूस. काम सुटल्यापासून त्याला एक खोड लागली होती. चहा पिता पिता, कुणाशी बोलता बोलता त्याचा उजवा हात आपोआप वर जायचा, जसा काही समोर घडच लटकलाय. बायको इंदू म्हणायची, "खाली करा तो हात, लोक पाहून राह्यले." हात खाली यायचा अन् घटकाभरानं परत वर. रात्र असो की दिवस, त्याला एका जागी बसवत नव्हतं. त्याला कापायचं होतं. बाकी काही नको होतं.

सुभान त्याच्याहून सहा वर्षांनी लहान अन् वीतभर उंच. बोलणं मोजकं. त्याची मान डावीकडे झुकलेली. वाहणाऱ्या सगळ्यांचीच तशी होते, उजव्या खांद्यावर घड असतो ना.

आता त्या वर्गातली खरी गंमत सांगायची तर ती मनगटाला होती. प्रत्येकाच्या मनगटावर रुपयाएवढी एक पातळ पट्टी चिकटवलेली. कागदावर तिचं नाव कलमापी पट्टी. अंगाचा घाम, नाडी, कातडीखालच्या बारीक शिरा, सगळं ती चाचपून पाहते अन् माणसाचा कल कुठं आहे ते ओळखते. तोंडातलं वाक्य अन् अंगाचा कल जुळला की हिरवा ठिपका उजळतो. नाही जुळला की गुर्र करून थरथरते. अंगाला काहीच पडलेलं नसेल तर कोरी राहते. दोन दिवसांत सोळाही जणांनी तिचं नाव चुगली ठेवलं होतं.

भुसावळहून शिकवायला येणाऱ्या भारंबे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "शोध असा लागलाय, की नव्या भाषेतलं खरं वाक्य डोक्यात घर करून राहतं. खोटं वाक्य पाहुण्यासारखं येतं न् जातं. म्हणून इथं पाठांतर नाही. जे आवडतं तेच आवडतं म्हणायचं. आणि परीक्षेलाही ही पट्टी असेल. पाठ केलेली वाक्यं म्हणून गेलेली माणसं तिथं टिकली नाहीत, असा त्या लोकांचा अनुभव आहे."

भाषा तशी अवघड गेली नाही. मॅडम म्हणाल्या, "इंग्रजीत आधी माणूस येतो आणि मग वस्तू. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच आहे. चहा मला आवडतो. वस्तू एक असेल तर गुस्ता, जास्त असतील तर गुस्तान."

"केळ आवडतं, केळी आवडतात," सुकदेव म्हणाला. "हे तर आपलंच निघालं. साहेब लोकांची पोरं उगाच इंग्रजी शिकून मरतात."

मागून सुभाननं हात वर केला. "मॅडम, ‘चालते’ ले काय म्हणतात?"

"काय चालते?"

"म्हणजे, आवडत नाही असं नाही अन् आवडते असं बी नाही. चालते."

"ते पुढच्या वर्गात," मॅडम हसल्या. "आधी आवडतं किंवा आवडत नाही. मधलं काही नाही."

सुभान खाली बसला. त्याचा चेहरा असा झाला, जसं नदीवर आला न् पूल सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी जोडीजोडीनं बोलायचं होतं. एकानं आपली आवड सांगायची, दुसऱ्याला पण तेच आवडत असेल तर त्यानं ‘आ मी ताम्बिएन’ म्हणायचं, म्हणजे ‘मला पण’. नसेल आवडत तर ‘आ मी नो’.

सुकदेव ऐटीत उभा राहिला. "मे गुस्ता एल ते." हिरवा ठिपका.

सुभान म्हणाला, "आ मी ताम्बिएन."

गुर्र.

"मे गुस्तान लोस प्लातानोस," सुकदेव म्हणाला. मला केळी आवडतात. हिरवा.

"आ मी ताम्बिएन."

गुर्र.

वर्गात खसखस पिकली. सुकदेवनं पुढं काम म्हटलं, समुद्र म्हटला, शेवभाजी म्हटली. प्रत्येकाला सुभाननं ‘मला पण’ म्हटलं अन् प्रत्येक वेळी चुगली गुरगुरली. शेवटी शेवटी तर तो तोंड उघडायच्या आधीच लोक गुर्र करायला लागले.

मॅडम जवळ आल्या. "सुभानभाऊ, साधं मराठीत सांगा. चहा आवडतो का तुम्हाला?"

"आवडतो की."

गुर्र.

सुकदेव त्याच्याकडं बघतच राहिला. "बावीस वर्षं रोज दोन टाइम माह्या घरचा चहा प्याला तू."

"पेतो ना. नाही कोण म्हणते?"

"आवडत नाही?"

"गोड लय असते रे दादा," सुभान हळूच म्हणाला, अन् चुगली हिरवी झाली. त्या दिवसातली त्याची पहिली हिरवी.

सगळे हसले. सुकदेव पण हसला, पण त्याला ते हसू घशाखाली उतरवता आलं नाही. घरी गेल्यावर इंदूनं चहा पुढं केला, तर त्यानं कप हातात घेऊन विचारलं, "यात साखर किती टाकते तू?"

"तुम्हाले आवडते तेवढी," इंदू म्हणाली.

‘अन् तुले?’ हे त्याला विचारायचं होतं. पण पट्टी तिच्या हाताला नव्हती, अन् विचारायची हिंमतही झाली नाही.

परीक्षेला आठ दिवस होते. दोघांपैकी एक नापास म्हणजे जोडी नापास. मॅडमनी सुभानला गृहपाठ दिला, आवडणाऱ्या अन् न आवडणाऱ्या मिळून पंधरा गोष्टी, प्रत्येक पट्टीसमोर पारखून. "पंधरा खरी वाक्यं आणा, सुभानभाऊ. मग मी तुम्हाला पास करून दाखवते."

सुभान म्हणाला, "मॅडम, मले काय आवडते ते मले कुठी म्हाईत हाये?"

ते ऐकून सुकदेवनं ते काम आपल्या अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो सुभानला घेऊन गावभर हिंडायला लागला, जशी काही बैलाची पारख चाललीय. हॉटेलात नेऊन भरीत खाऊ घातलं. पट्टी कोरी. कुणाची तरी नवी मोटरसायकल मागून आणली, सुभानला वर बसवून विचारलं, तर ‘मस्त’ म्हणाला. गुर्र. कव्वाली लावली. कोरी. शेळीचं करडू मांडीवर दिलं, तर ते मुतलं.

"आता?" सुकदेवनं विचारलं.

"नाही आवडलं," सुभान म्हणाला. हिरवा.

"घ्या, न आवडणाऱ्यातलं एक झालं. चौदा राह्यले."

सुभाननं आपल्या पोरीचं नाव घेतलं तेव्हा ठिपका असा लखलखला की सुकदेव हरखला. पळत मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "माणसांसाठी वेगळं क्रियापद आहे हो. गुस्ता माणसाला लावलं की लग्नाची बोलणी सुरू होतात. वस्तू सांगा, काम सांगा."

दोन दिवस हिंडून अकरा वाक्यं झाली. त्यातली नऊ न आवडणारी. वरण आवडत नाही, बँडचा आवाज आवडत नाही, दाढी करणं आवडत नाही. सुकदेवचं मोठ्यानं बोलणं आवडत नाही. हे शेवटचं सुभाननं एवढ्या सहज सांगितलं की सुकदेवला राग यायलाही वेळ मिळाला नाही. जिभेला चटक लागावी तसं सुभानला ‘नो मे गुस्ता’ लागलं होतं. ‘मे गुस्ता’ मात्र दोनच्या पुढं जाईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं बोंडेंच्या मळ्यात गेले. तिथल्या निंबाखाली एक बाज पडलेली असते. सुकदेव नळावर पाणी प्यायला गेला, परत आला तर सुभान बाजेवर उताणा पडलेला अन् त्याच्या मनगटावर हिरवा ठिपका. बोलला काहीच नव्हता. तरी हिरवा, अन् पोरीच्या नावाइतका लख्ख.

"काय पाहून राह्यला?"

"काही नाही. वर."

"वर काय हाये?"

"काही नाही, म्हणून तर."

सुकदेव त्याच्या शेजारी टेकला. वर पाहिलं. निंबाचा पाला, त्याच्या फटीतून पांढरं आभाळ. एक घार लांबवर. त्याला काही कळेना.

सुभान मग आपणहून बोलला, अन् त्यानं आपणहून बोलणं म्हणजे मोठीच गोष्ट. "दादा, पहिल्या दिवशी तू माह्या मानेवर चापट मारली होती. याद हाये? मी वर पाह्यलं होतं, तू कोयता कसा मारतो ते पाहायले. तू म्हटलं, मान खाली. वाहणाऱ्यानं वर पाहायचं नसते."

सुकदेवला आठवत होतं. त्यात चूक काहीच नव्हती. कोयता डोक्यावर असतो, घड सुटताना दांड्यातून चीक गळतो, डोळ्यात गेला तर आग होते. म्हणून वाहणारा मान खाली घालून उभा राहतो. कापणारा वरून काहीही बोलला तरी खालून फक्त ‘हूं’ म्हणायचं, कारण वाद घालताना खांदा हलला तर तीस किलोचा घड मानेवर. हा कामाचा रिवाजच आहे. सुकदेव आयुष्यभर झाडाखाली बोलत राहिला, राजकारण, लग्नं, गावातली भांडणं, अन् खालून हूं येत गेलं. झाडाखालून बाहेर आल्यावरही ते हूं सुटलं नाही, एवढं मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"काम सुटलं तवापासून मी रोज पडून वर पाहतो," सुभान म्हणाला. "घरवाली म्हणते, येडा झाला. पण मले वर पाहायले आवडते." ठिपका जसाच्या तसा.

"मिरार आरीबा," सुकदेव पुटपुटला. हे शब्द त्याला येत होते. "मे गुस्ता मिरार आरीबा. मले वर पाहणं आवडते. लिहून घे. बारावं झालं."

मग त्याच्या मनात एक प्रश्न आला, अन् तो प्रश्न इतका सरळ होता की त्याला टाळताच येईना. बेटावर तरी काय करायचं होतं? घडच वाहायचे होते. मान खाली घालून. अजून तीन वर्षं. हा माणूस येतोय तरी कशाला?

त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर सुभाननं खरं सांगितलं असतं, पट्टी होतीच. त्यानं विषय बदलला अन् म्हणाला, "चाल, अजून तीन राह्यले." पण त्या दिवसापासून त्याचा हात वर जायचा तेव्हा आधी कोयता दिसायचा नाही, खाली झुकलेली मान दिसायची. जेवताना उठून फेऱ्या घालायचा. इंदू म्हणाली, "तुम्हाले नेमकं कुठी जायचं हाये?" तर तिच्यावर खेकसला.

परीक्षेच्या दिवशी थंड खोलीत भिंतीवर मोठा पडदा लावला होता. पडद्यावर बेटावरचा एक म्हातारा, नाव सेनोबियो. उन्हानं रापलेला, गळ्यात रुमाल, पाठीमागं उघडी खिडकी अन् खिडकीत निळं पाणी. त्याच्याही मनगटाला पट्टी होती. मॅडम म्हणाल्या, तिकडचा नियमच तसा आहे, विचारणाऱ्यानंही लावायची.

सुकदेवची परीक्षा म्हणजे घोडं मैदानात सोडलेलं. चहा, शेवभाजी, समुद्र, कोयत्याची धार, सकाळची वेळ, सगळं धडाधड अन् सगळं हिरवं. सेनोबियो मान डोलवत होता. मग सुभान उभा राहिला.

वरण आवडत नाही. हिरवा. बँड आवडत नाही. हिरवा. सुकदेवचा चहा आवडत नाही. हिरवा, अन् पडद्यावर म्हातारा खो खो हसला. वर पाहायला आवडतं. हिरवा. म्हाताऱ्यानं मान थोडी वाकडी करून सुभानकडं नीट पाहिलं, अन् कागदात नसलेला प्रश्न विचारला. हळू, एकेक शब्द तोडून. "ते गुस्ता एस्ते त्राबाखो?"

हे काम आवडतं का तुला?

प्रश्न सोळाही जणांना कळला होता. आवडतं म्हणावं तर चुगली बोंबलणार, म्हणजे नापास. आवडत नाही म्हणावं, तर ज्याला काम आवडत नाही त्याला कोण नेणार? दोन्हीकडून विहीरच.

सुभाननं सुकदेवकडं पाहिलं. बावीस वर्षांच्या सवयीनं पाहिलं, काय म्हणू, असं. एक शब्द पुरला असता. सुकदेवनं नजर खाली घातली अन् एवढंच म्हणाला, "तुहं तू सांग."

"नो मे गुस्ता," सुभान म्हणाला. थोडं थांबून, "नुंका." कधीच नाही.

हिरवा.

पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं गळ्यातला रुमाल सोडला अन् मान बाजूला वळवून दाखवली. ती पण डावीकडे झुकलेली होती. "आ मी ताम्पोको," तो म्हणाला. मला पण नाही. त्याच्या मनगटावर हिरवा ठिपका उजळला. पुढं तो भरभर काहीतरी बोलला, ते मॅडमनी सांगितलं. तीस वर्षं त्यानं घड वाहिले होते, अन् आवडत नाही हे मोठ्यानं म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

जोडी पास झाली. दोघांनाही भाषा येत होती, अन् परीक्षा तर भाषेचीच होती.

बाहेर आल्यावर लोकांनी पाठीवर थापा मारल्या, कुणी पेढे आणले. सुकदेवनं पेढा हातात धरला अन् तसाच धरून राहिला. सह्या चार दिवसांनी होत्या. त्याला पक्कं ठाऊक होतं, आता नुसतं ‘चाल’ म्हटलं तरी सुभान येईल. पडद्यावर एवढं सांगूनसुद्धा येईल. हेच त्याला सहन होईना.

सगळे पांगल्यावर तो सुभानला खोलीच्या मागच्या ओट्यावर घेऊन गेला. दोघांच्या पट्ट्या अजून काढायच्या होत्या.

"हे पाह्य सुभान," तो म्हणाला, "मी इचार केला. तिथी गेल्यावर तू कापायचं. मी वाहीन. मले आवडंल."

गुर्र.

दोघांनी एकदमच मनगटाकडं पाहिलं. सुभान हसला. असा हसला की त्याला ओट्याला टेकावं लागलं. "दादा, तुही बी चुगली चालू हाये, ध्यानात ठेव."

सुकदेव ओशाळला, चिडला, मग त्यालाही हसू आलं. हसून झाल्यावर त्यानं हात समोर धरला अन् पट्टीकडं पाहत सावकाश बोलला, "बरं. नाही आवडणार. तरी बी वाहीन."

हिरवा. ढळढळीत हिरवा.

सुभानचं हसू थांबलं. तो त्या ठिपक्याकडं बराच वेळ पाहत राहिला. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज येऊन विरला तरी पाहत राहिला.

"बावीस वर्षं माह्या हाताले चुगली असती," तो म्हणाला, "तर हाच दिवा लागला असता. रोज."

सुकदेवनं आपल्या पट्टीवर दुसरा हात झाकला.

"म्हणून म्हणतो, तू नको वाहू. एकानं वाह्यलं तेवढं पुरे." त्यानं नखानं आपल्या मनगटाची पट्टी उचकटायला सुरुवात केली. "अन् मी येत नाही, दादा."

आवाज चढला नव्हता. रोजचं ‘बरं दादा’ म्हणावं तसंच म्हणाला. पट्टी अर्धी निघालेली, अर्धी चिकटलेली, अन् त्या अर्ध्या पट्टीतही हिरवं दिसत होतं.

सुकदेवच्या तोंडावर आलं होतं, मग मी पण नाही जात. पण ते ओठांशी आलं अन् त्याला मनगटाची भीती वाटली. खरं निघेल की खोटं, हे त्याचं त्याला माहीत नव्हतं. त्याला जायचं होतं. ते खरं होतं. सुभानशिवाय जायचं नव्हतं, ते पण खरं होतं. एवढ्याशा पट्टीत दोन्ही कशी मावणार? सुभाननंच त्याच्या हातातला पेढा घेतला, अर्धा केला, अर्धा परत दिला.

पुढं मॅडमनी खटपट केली. सेनोबियोनं कळवलं, बेटावर एक वाहणारा आहे, त्याचा कापणारा म्हातारपणामुळं बसला. सुकदेव एकटा आला तर जोडी लावू. सुकदेवनं दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही, घरच्यांना नाही अन् स्वतःलाही नाही. तिसऱ्या दिवशी सही केली. निघायच्या दिवशी सुभान स्टँडवर आला. दोघं एका बाकावर बसले. गाडी लागली तेव्हा सुभान उठून म्हणाला, "जाय. तुले आवडंल तिथी." सुकदेवला वाटलं, खरंच म्हणतोय की माझ्यासाठी म्हणतोय? पट्ट्या तर जमा करून घेतल्या होत्या.

बेट फोटोत होतं तसंच निघालं. डोंगराच्या अंगावर काळ्या दगडाचे बांध, बांधाबांधावर केळी, अन् सगळ्यात खाली समुद्र, सारखा हलणारा. सुकदेवला तो आवडला, पण त्याच्याकडं फार वेळ बघवलं नाही. सुकदेवसारखाच तो पण एका जागी राहत नव्हता.

नवा जोडीदार बासिलियो नावाचा. पंचेचाळिशीचा, केस पिकलेले, तोंडात कायम काडी. सकाळी सातला कामाला लागले. बासिलियोनं खांद्यावर पोत्याची घडी टाकली, पहिल्या झाडाखाली येऊन उभा राहिला अन् मान खाली घातली. जगात सगळीकडं घडाला वजन असतं, सगळीकडं मान तशीच जाते.

सुकदेवनं कोयता उचलला. चार वर्षं ज्याच्यासाठी हात वळवळत होता, ते हेच. दांडा समोर होता, एक घाव अन् काम. हात वरच राहिला.

"ते गुस्ता?" त्यानं विचारलं.

"सी, सी," बासिलियो खालूनच म्हणाला. हो, हो.

इतकं पटकन. इतकं ओळखीचं. सुकदेवनं आजवर ते लाखदा ऐकलं होतं, दुसऱ्या भाषेत.

त्यानं कोयता खाली घेतला अन् पुन्हा विचारलं. या वेळी हळू, शब्द तोडून. "एस्ते त्राबाखो. ते गुस्ता?"

बासिलियो हलला. त्यानं खांद्यावरची घडी काढली, झाडाखालून एक पाऊल बाजूला झाला अन् पहिल्यांदा तोंड वर करून या परक्या माणसाकडं पाहिलं. काडी तोंडातून हातात घेतली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण तो चेहरा असा झाला होता, जसं कुणी त्याच्या घराचं बंद पडलेलं दार वाजवलंय अन् आत कोण आहे हे त्यालाच आठवत नाहीय.

"हे मला आजवर कुणी विचारलं नाही," तो आपल्या भाषेत म्हणाला. "तू का विचारतोस?"